वॉटकिन्सची जोडचित्रं जमवताना नावावर सगळ्यात शेवटी विश्वास ठेवा

१८६१ साली अमेरिकन छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स खेचरांवर काचा, रसायनं आणि तंबू लादून कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात गेला. येताना त्याने १८ बाय २२ इंचांच्या अजस्र काचेच्या निगेटिव्हबरोबर शंभरेक स्टेरिओ निगेटिव्ह आणल्या. मोठी छायाचित्रं आज बहुतेक संग्रहालयांत आहेत. तुमच्याआमच्या हाती लागू शकतात ती ही जोडचित्रं, म्हणजे स्टेरिओव्ह्यू: एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेली दोन जवळजवळ सारखी छायाचित्रं, जी स्टेरिओस्कोप नावाच्या दोन भिंगांच्या यंत्रातून पाहिली की दृश्याला खोली येते. ती जमवायची तर खिशाआधी डोळा तयार करावा लागतो.

सुरुवात फुकटात करा. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररी यांनी असली हजारो कार्डं स्कॅन करून ठेवली आहेत. महिनाभर नुसती पाहा. मग एकच विषय धरा: योसेमिटी, खाणी, नाहीतर रेल्वे. दिसेल ते उचलणाऱ्याची रद्दी होते.

कार्ड हाती आलं की चित्राकडे नंतर, आधी पुठ्ठ्याकडे बघा. नेहमीचं माप साडेतीन बाय सात इंच. सपाट पुठ्ठा आणि काटकोनी कोपरे साधारण १८६८ पूर्वीचे, गोल कोपरे त्यानंतरचे. (कात्री मात्र कुणाच्याही घरी असते.) बाक दिलेला पुठ्ठा १८८० च्या आसपास आला. पाठीवर महसुली तिकीट असेल तर उत्तमच. अमेरिकेत छायाचित्रांवर असा कर सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ एवढाच काळ होता. तिकीट रद्द करायला त्यावर विक्रेत्याने पेनने किंवा शिक्क्याने केलेली खूण आहे ना, तेही बघा.

आता दहापट भिंग घ्या. अल्ब्युमेन छाप अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावर असतो. तपकिरी छटा, किंचित चकाकी, आणि भिंगातून कागदाचे तंतूही दिसतात. वर्तमानपत्रातल्यासारखे ठिपके दिसले तर ते छायाचित्र नव्हे, छापखान्यातलं चित्र.

पुढची पायरी माझ्या चुकीतून आली. एकदा भरपूर पैसे मोजून एक कार्ड घेतलं, घरी आणून स्टेरिओस्कोपमध्ये लावलं, तर दृश्य ताटासारखं सपाट. दोन्ही बाजूंना एकच चित्र चिकटवलं होतं! खऱ्या जोडचित्रात कॅमेऱ्याच्या दोन भिंगांतलं अंतर डोळ्यांतल्या अंतराइतकं, सुमारे साडेसहा सेंटिमीटर असतं. त्यामुळे जवळच्या फांदीचं टोक डावीकडच्या चित्रात मागच्या कड्याच्या एका भेगेवर, तर उजवीकडच्या चित्रात त्या भेगेच्या जरा बाजूला पडतं. हे टोक नुसत्या डोळ्यांनी दोन्हीकडे ताडून बघा. जागा सरकली नसेल तर कार्ड परत द्या. सरकली असेल आणि कार्ड स्टेरिओस्कोपमध्ये लावलं, तर ती फांदी अंगावर येते आणि कडा हातभर मागे हटतो.

खरी गंमत नावात आहे. सेंट्रल पॅसिफिक रेल्वे बांधली जात असताना तिची जोडचित्रं काढली आल्फ्रेड हार्टने. पुढे त्या निगेटिव्ह वॉटकिन्सकडे गेल्या आणि त्याने त्या स्वतःच्या नावाने विकल्या. मग नशीब फिरलं. १८७५-७६ च्या सुमारास कर्जापायी वॉटकिन्सची गॅलरी निगेटिव्हसकट हातची गेली आणि त्याचीच चित्रं आय. डब्ल्यू. टेबर या दुसऱ्या छायाचित्रकाराच्या नावाने बाजारात आली. वॉटकिन्स पुन्हा डोंगरात गेला, नव्याने चित्रं काढली आणि कार्डांवर ‘न्यू सीरिज’ असं छापू लागला. म्हणून ‘वॉटकिन्स’ छापलेलं रेल्वेचं कार्ड हार्टचं निघू शकतं, तर ‘टेबर’ छापलेलं योसेमिटी वॉटकिन्सचं. चित्राचा क्रमांक आणि मथळा स्कॅन केलेल्या प्रतींशी जुळवा. माझ्या मते टेबरच्या नावाखालचा वॉटकिन्स शोधून काढण्यात जी मजा आहे ती सरळ नावाच्या कार्डात नाही.

डाग, दुमडलेले कोपरे, फिकटपणा यांवर भाव ठरतो. पुठ्ठा मळका चालेल, फिकट चित्र नको. गेलेली गडद छटा परत येत नाही.

घरी आणल्यावर पुसू नका, ओलं फडकं तर नकोच. मऊ ब्रश पुरे. प्रत्येक कार्ड पॉलिएस्टरच्या पाकिटात घाला. पीव्हीसी आणि लॅमिनेशन टाळा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते अधूनमधून बदला, कारण ही चित्रं अनेकदा खळीने चिकटवलेली असतात आणि कसरीला खळ आणि दमट हवा फार आवडते. नोंदी पाकिटावर करा, कार्डावर नको. पण जुन्या मालकाने मागे पेन्सिलीने काही लिहिलं असेल, तर ते खोडायचं नाही.