नाकाच्या उंबऱ्यावरून परतलेली काडी : फ्लूची तपासणी आणि लस, या चुका टाळा

माझी अर्धी नोकरी लोकांच्या नाकात काडी घालण्यात गेली. सोलापुरात लॅब टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा रक्त, लघवी, थुंकी एवढंच काम होतं. मग २००९ आलं. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली, ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, आणि आठवड्याभरात आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या खिशात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. मास्क मिळेनात, म्हणून नवी पेठेत लोक रुमालाला गाठ मारून हिंडत होते. ती साथ १० ऑगस्ट २०१० ला संपल्याचं जाहीर झालं, पण विषाणू गेला नाही. तोच एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूचा विषाणू, आता दरवर्षी पाहुण्यासारखा येतो, आणि त्याच्यासोबत त्याच त्या चुकाही येतात. पुरचुंडीचा मला राग नाही, तिनं कुणाचं नुकसान झालं नाही. खालच्या चुकांनी झालं.

काडी नाकाच्या दारातूनच परत आणणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते.

२०१५ ची गोष्ट. त्या वर्षी देशात ४२ हजारांहून जास्त लोकांना स्वाइन फ्लू झाल्याची नोंद आहे आणि जवळपास ३ हजार माणसं गेली. मार्चचा शेवट, सोलापूरचं ऊन तापायला लागलेलं. यंत्रमागावर काम करणारे एक काका, वय पंचेचाळीसच्या पुढं, मधुमेह, पाच दिवसांचा ताप आणि आता धाप. ज्या खासगी दवाखान्यात ते होते तिथल्या नव्या पोरानं घशाचा-नाकाचा नमुना घेतला. कसा घेतला ते मला नंतर कळलं. कान साफ करायची कापसाची काडी नाकपुडीच्या तोंडाशी फिरवली, सलाइनच्या नळीत टाकली, ती नळी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवली आणि सकाळी डब्याच्या पिशवीतून पुण्याच्या लॅबसाठी गाडीत दिली.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. घरचे खूश. चालू केलेल्या ओसेल्टामिविरच्या, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरच्या, गोळ्या 'आता कशाला' म्हणून बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी काका व्हेंटिलेटरवर गेले. दुसऱ्यांदा नमुना घ्यायला मला बोलावलं, श्वासनळीतला स्राव घेतला, आणि तो पॉझिटिव्ह. काका वाचले, पण १९ दिवसांनी घरी गेले, आणि पुढं कितीतरी महिने त्यांना यंत्रमाग झेपला नाही. त्यांच्या बायकोनं मला जिन्यात गाठून विचारलं, "मॅडम, मग पहिला रिपोर्ट खोटा होता का ओ?" रिपोर्ट खरा होता, ताई. काडीच रिकामी होती.

म्हणून माझी पद्धत सांगते. पुस्तकात क्रम थोडा वेगळा असेल, मला हा सवयीचा झालाय. आधी पेशंटला नाक शिंकरायला लावते, शेंबडाच्या थरातून काडी फिरवून उपयोग नाही. काडीचं टोक डॅक्रॉनचं, म्हणजे पॉलिएस्टरचं, दांडा प्लॅस्टिकचा. कापूस आणि लाकूड पुढच्या तपासणीत अडथळा आणतात. नाकपुडीपासून कानाच्या पाळीपर्यंतचं अंतर बघायचं आणि त्याच्या निम्म्यापर्यंत काडी न्यायची. सरळ मागं, टाळूला समांतर. नवी पोरं काडी वर डोळ्यांकडं नेतात, पेशंट ओरडतो, पोरगं घाबरून काढून घेतं, झाला नमुना! आत पोचल्यावर काही सेकंद थांबायचं, फिरवायची, मग सावकाश बाहेर. मी पेशंटला म्हणते, तोंडानं श्वास घ्या आणि पायाची बोटं हलवत राहा. बोटांचा नाकाशी काही संबंध नाही, पण लक्ष दुसरीकडं जातं. घशाची काडी पडजिभेच्या मागच्या भिंतीवर आणि टॉन्सिलवर फिरवायची. जिभेवर घासून आणलेली काडी मी बघितल्या बघितल्या ओळखते, कारण पेशंटला उबळसुद्धा आलेली नसते.

दोन्ही काड्या व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवून न्यायच्या द्रावणाच्या, एकाच नळीत. ते गुलाबी पाणी पिवळं पडलेलं असेल तर नळी वापरायचीच नाही, त्यात आधीच काहीतरी वाढलेलं असतं. नाव काडी घालायच्या आधी नळीवर लिहायचं, नंतर नाही. नंतर हातमोजे ओले असतात आणि पेशंट खोकत असतो.

आणि बर्फ. 'जास्त थंड तेवढं चांगलं' हा समज कुणी पसरवला माहीत नाही. नमुना २ ते ८ अंशांत ठेवायचा आणि ७२ तासांच्या आत पोचवायचा. तेवढ्यात पोचणार नसेल तर उणे ७० अंशांचा फ्रीझर लागतो. घरगुती फ्रीजचा बर्फाचा कप्पा या दोन्हीच्या मधला आहे, म्हणजे सगळ्यात वाईट. पुणं अडीचशे किलोमीटर. एप्रिलमध्ये ४० अंशांच्या उन्हात एका आइसपॅकवर डबा धाडणाऱ्याला मी एकदा तोच डबा पंधरा मिनिटं अंगणात धरून उभं केलं होतं. तेव्हापासून तो दोन्ही बाजूंना पॅक लावतो.

'ताप कधीपासून' हा रकाना रिकामा सोडणे

किंवा त्यात आजची तारीख टाकणे. पहिल्या तीन-चार दिवसांत घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडायची शक्यता जास्त असते. आठव्या दिवशीचा निगेटिव्ह आणि दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो डॉक्टरांना त्या एका रकान्यावरून कळतो.

ज्याला नको त्याची तपासणी, ज्याला हवी तो घरी

सरकारी नियमांत पेशंटचे तीन गट आहेत. साधा ताप, सर्दी, खोकला, घसादुखी हा 'अ' : तपासणी नको, गोळी नको, घरी आराम आणि दोन दिवसांत डॉक्टरांना पुन्हा दाखवणं. ताप जास्त, घसा फार दुखतोय, किंवा ताप कमी असला तरी पेशंट गरोदर, म्हातारा, लहान मूल, दमेकरी, मधुमेही असेल तर 'ब' : इथं गोळीचं डॉक्टर ठरवतात, त्यासाठी तपासणी लागत नाही. धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं हा 'क' : भरती, तपासणी आणि औषध, तिन्ही लगेच.

प्रत्यक्षात काय होतं? पहिल्या शिंकेला 'अ' गटातले लोक बायको-पोरांसकट लॅबच्या दारात, आणि 'क' गटातली आजी "ऊन लागलंय, कांद्याचा रस लावलाय" म्हणत घरात. परवाच एक तरुण रांगेतून ओरडला, "ओ मॅडम, पैसे देतोय की, मग घ्या की!" पैशाचा प्रश्न नाही रे बाबा. तुझा रिपोर्ट काहीही आला तरी तुझं औषध तेच आहे : पाणी, झोप आणि पॅरासिटामॉल.

याचीच उलटी बाजू म्हणजे रिपोर्टसाठी गोळी थांबवून ठेवणं. ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. गंभीर पेशंटला डॉक्टरांनी गोळी सांगितली असेल तर रिपोर्टची वाट बघू नका. आणि सांगितलेले पाच दिवस पूर्ण करा. उरलेल्या चार गोळ्या जावेच्या पोरासाठी डब्यात जपून ठेवायच्या नसतात.

रॅपिड टेस्टवर शपथ घेणे

१५ मिनिटांत एक रेघ आली म्हणून लग्नाला निघालेले लोक मी बघितलेत. फ्लूची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर बहुधा खरी असते. निगेटिव्ह आली तर फार विश्वास टाकू नका, खरे पेशंटही तिच्यातून बरेच निसटतात. खात्री हवी असेल तर आरटी-पीसीआर, म्हणजे लॅबमधली विषाणूची जनुकं शोधणारी तपासणी.

शेजारी आयसीयूत गेल्यावर लस आठवणे

माझी दुसरी नावडती चूक. आमच्याच अपार्टमेंटमध्ये घडलेली.

जानेवारी, सोलापूरची गड्ड्याची जत्रा तोंडावर. दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंना स्वाइन फ्लू निघाला आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब माझ्या दारात. "वहिनी, लस आजच पाहिजे. उद्या जत्रेला जायचंय." मी समजावलं : लस टोचली म्हणजे दारावर पहारेकरी बसला असं नाही, प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. हो हो म्हणाले, टोचून आले आणि दुसऱ्या दिवशी जत्रेच्या होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत दोन तास उभे. चौथ्या दिवशी गृहस्थाला ताप. वर्षभर त्यांनी सगळ्या बिल्डिंगला एकच सांगितलं : "लसीमुळंच फ्लू झाला."

आपल्याकडं टोचतात त्या फ्लूच्या लसीत मेलेला विषाणू असतो, तोही तुकड्या-तुकड्यांत. त्यानं फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. जत्रेतल्या गर्दीनं मात्र फ्लू होऊ शकतो.

महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, दुसरा हिवाळ्यात. म्हणून माझा हिशोब घरगुती आहे : अक्षय्य तृतीयेचा आमरस झाला की लस, मृग लागायच्या आत. आषाढीला पंढरपुरात लाखो लोक खांद्याला खांदा लावून उभे राहतात, त्याच्या आत दंड दुखून मोकळा झालेला बरा. हुकली तर 'आता काय उपयोग' म्हणून सोडू नका, उशिराची लसही हिवाळ्यासाठी कामी येते.

आणि दरवर्षी. "मागच्या साली घेतली की" हे उत्तर चालत नाही. विषाणू रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कुठल्या जाती घालायच्या ते सांगते. "कोविडचे दोन डोस झालेत, बास की" हेही चालत नाही. ती वेगळी, ही वेगळी.

लस मेडिकलमधून घेऊन शर्टच्या खिशातून आणू नका, गाडीच्या डिकीत तर नाहीच. तिलाही २ ते ८ अंशच लागतात, आणि एकदा गोठली की ती फेकायची. सहा महिन्यांपासून आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, दुसरा विसरणारे आई-बाप निम्मे तरी असतील. सहा महिन्यांखालच्या बाळाला लस नाही, त्याचं संरक्षण आईनं गरोदरपणात घेतलेल्या लसीतून येतं. तरीही "पोटुशी बाईला सुई नको" म्हणणाऱ्या सासवा भेटतातच. गरोदर बाया, मधुमेही आणि रक्तदाबाचे पेशंट यांना राज्य सरकारनं ही लस मोफत दिलेली आहे. सरकारी दवाखान्यात आधी विचारा, मग खिशात हात घाला.

अँटिबायोटिक

विषाणूवर चालत नाही. मेडिकलवाल्यानं दिलं तरी चालत नाही.

चुकीचा मोबाइल नंबर

हसू नका. एकदा पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन मी फॉर्मवरचा नंबर लावला, तर बार्शीतल्या एका गृहस्थांनी उचलला. "राँग नंबर," म्हणाले, आणि नंतर काळजीनं विचारलं, "पण मला काही झालंय का?" खऱ्या पेशंटचं घर सापडेपर्यंत दीड दिवस गेला. तेव्हापासून पेशंट खुर्चीतून उठायच्या आत मी त्याच्या नंबरवर मिस्ड कॉल देते. खिशात वाजला तरच नळी डब्यात जाते.