लेथवर उभ्या माणसाने एका पायावर तोल कसा धरावा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आठ तास लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, उभं राहणाऱ्याला व्यायाम कर म्हटलं की तो हसतो. पण नुसतं उभं राहून ताकद येत नाही. तेलकट फरशीवर पाय सरकला की सावरायला लागतं ते बळ वेगळं.

पाळीच्या आधी, डबे खायच्या खोलीत करा. सेफ्टी शूज काढायचे, जाड तळव्यातून पायाला जमीन कळत नाही. मशीनशॉपमध्ये मात्र अनवाणी नको, धातूच्या चिप्स पायात घुसतात.

स्टुलावरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. टेबलाला बोटं लावून पंधरा वेळा टाचा उचला.

आता एका पायावर वाकणं. इथं मी चार महिने वाया घालवले. तालमीतले म्हणायचे, 'बैठका वाढव, सगळं जमतंय बघ.' बैठका चांगल्याच, पण दोन्ही पायांवर काम असलं की तगडा पाय कच्च्या पायाचं झाकून नेतो. माझा डावा कच्चा होता, हे एका पायावर उभं राहिल्यावर कळलं.

मी पाठीतून वाकायचो. दुसऱ्या दिवशी कंबर धरायची. वाकायचं खुब्यातून. झाडूचा दांडा पाठीला उभा लावा: डोकं, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकला पाहिजे. एक जरी सुटलं तरी तिथंच थांबा. आधी हे दोन पायांवर जमवा. मग डाव्या पायावर उभं राहून गुडघा किंचित सैल सोडा, उजवा पाय मागं उचलत धड पुढं न्या, तराजूच्या दांडीसारखं एकदमच. उजवा खुबा वर उघडू देऊ नका; पँटच्या त्या बाजूच्या खिशाचं टोक जमिनीकडेच राहू दे. मग पाय बदला. आठ वेळा न डगमगता जमलं की टेकलेल्या पायाच्या विरुद्ध हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन घ्या. कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचा जड तुकडा, उचलून मर्दानगी दाखवू नका.

मोबाईलवर डोळे मिटून करायला सांगतात. तोल डोळे, कानाचा आतला भाग आणि पाय-सांधे मिळून सांभाळतात. त्यातलं एक बंद करून वाकणं म्हणजे पडायला आमंत्रण. डोळे मिटायचेच तर भिंतीजवळ, नुसतं उभं राहून.

आठवड्यातून दोन दिवस पुरे. जागतिक आरोग्य संघटनाही 2010 पासून प्रौढांना ताकदीच्या व्यायामाचे किमान दोनच दिवस सांगते. साखरेमुळे तळपाय बधिर असतील किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि रात्रपाळी संपवून आला असाल तर कॅनला हात लावू नका, घरी जाऊन झोपा.