दोन इंजिनांची लाकडी आरसी (रेडिओ कंट्रोल) रेसिंग बोट: बांधायला घेण्याआधीची तयारी

प्लॅन, कटर, स्टीलपट्टी, गुण्या, क्लॅम्प, पॉलिशपेपर हे तुमच्याकडे असणारच, त्यावर शब्द खर्च करत नाही. मी सुरुवात फोमपासून करतोय, कारण मागच्या बोटीत तोच राहिला, डेक (बोटीचं वरचं छत) चिकटल्यावर आठवला, आणि ती बोट आता दोन्ही इंजिनं पोटात घेऊन तळ्याच्या गाळात बसलीये. तेव्हा बाकीची खरेदी नंतर करा, फोम आधी आणा आणि बांधायच्या टेबलावर डोळ्यासमोर ठेवा. माळ्यावर नाही, टेबलावर.

लोक म्हणतात लाकूड तरंगतंच की, मग फोम कशाला. अहो लाकूड तरंगतं, इंजिन कुठे तरंगतं? २५-२६ सीसीची दोन पेट्रोल इंजिनं, दोन ट्यून्ड पाइप (धूर बाहेर सोडणाऱ्या खास नळ्या), माउंट, शाफ्ट, स्ट्रट (शाफ्टला मागे धरणारा आधार), रडर (सुकाणू) असं सगळं धरलं तर सहा-सात किलो धातू सहज होतो. एक लिटर फोम पाण्याखाली साधारण एक किलो उचलून धरतो, फोमच्या स्वतःच्या वजनाएवढं थोडं कमी. ॲल्युमिनियमचं वजन पाण्यात एक तृतीयांशाहून जास्त कमी होतं, प्लायही थोडा हातभार लावतो, हे खरंय, पण ती सवलत हिशोबात धरूच नका. किलोला एक लिटर, वर थोडा जास्तीचा. म्हणजे सात-आठ लिटर फोम. ऐकायला किरकोळ वाटतं, बोटीच्या आत बसवायला घेतलात की कळतं केवढा असतो ते, म्हणून जागा प्लॅनवरच आखून ठेवायची.

आणि थर्माकोल आणू नका. पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळतो, अक्षरशः चिकट चिखल होतो, आणि बोटीत पेट्रोल कुठे ना कुठे ठिबकतंच. दाट दाबलेल्या रंगीत इन्सुलेशन शीटही त्याच कुळातल्या, त्यांचंही तेच होतं. डब्यातून फवारायचा फुगणारा फोमही नको, तो बंद जागेत फुगताना १.५ मिमीची प्लाय बाहेर ढकलतो, तळाला पोट सुटतं आणि वर्षभरात तो पाणीही प्यायला लागतो. पॅकिंगमध्ये येतो तो लवचिक पॉलिथिलीन फोम घ्या, नाहीतर पोहायला शिकताना वापरतात त्या लांब फोमच्या नळ्या. त्या स्पॉन्सनमध्ये, म्हणजे बोटीच्या बाजूच्या तरंगत्या भागात, छान आडव्या जातात.

आता बोट. दोन इंजिनांना कॅटामरान सोयीची पडते, दोन्ही बाजूंना एकेक स्पॉन्सन आणि मधे हवेचा बोगदा, इंजिनांना पुरेशी रुंदी मिळते. मोनोहलमध्येही, म्हणजे एकाच धडाच्या बोटीत, दोन बसवतात, पण पहिल्याच वेळी कशाला डोक्याला ताप. रेसमध्ये उतरवायची असेल तर कापाकापीच्या आधी नियमावली वाचा, क्लास इंजिनाच्या सीसीवर आणि हलच्या (बोटीच्या धडाच्या) प्रकारावर ठरतात, आवाजाची मर्यादाही असते. झेनोआ जी२६० सारखं इंजिन २५.४ सीसीचं, दोन मिळून पन्नासच्या वर जातात, तेव्हा आपण कुठल्या गटात पडतो ते आधी बघा. दोन्ही इंजिनं एकाच मॉडेलची आणि जमलं तर एकाच वेळी घेतलेली हवीत. एक जुनं एक नवं अशी जोडी लावलीत तर पुढे कार्बोरेटरचे स्क्रू फिरवण्यातच जन्म जाईल.

लाकूड म्हणजे बर्च एअरक्राफ्ट प्लाय, बल्कहेडला (आतल्या आडव्या पडद्यांना) ३ मिमी, कातडीला (बाहेरच्या आवरणाला) १.५ मिमी, ट्रान्समला (मागच्या उभ्या भिंतीला) ६ मिमी, कारण स्ट्रट आणि रडरचा सगळा मार ट्रान्सम खातो. आत जिथे बोल्ट येणार तिथे हार्डवुडचा ठोकळा चिकटवायचा, तोही डेकच्या आधी. शीट घेताना दुकानातच जमिनीवर ठेवून पाहा, कोपरा उचलला जात असेल तर ती घेऊ नका.

बांधायचा पाट सपाट हवा. जाड एमडीएफ, काच, ग्रॅनाइट काहीही चालेल, पण सपाट. पाटाला पीळ असला की तो बोटीत उतरतो, आणि पिळलेली कॅट सरळ पळत नाही, मग तुम्ही रडरला ट्रिम देत बसता. तपासायला दोन सरळ पट्ट्या पुढच्या आणि मागच्या बल्कहेडवर आडव्या ठेवायच्या, खाली वाकून एक डोळा बंद करून बघायचं, दोन्ही कडा एका रेषेत आल्या पाहिजेत. कातडी चिकटवायच्या आधी हे करा, नंतर नुसतं बघून हळहळायचं. स्पॉन्सनचा तळ मागच्या भागात पट्टी लावल्यावर सरळ दिसला पाहिजे, मधे उजेड दिसतो म्हणजे तळ आत गेलाय आणि बोट नाक खाली दाबेल. आणि मागच्या कडा कृपा करून गोल करू नका, हात सॅंडिंग करत सुटतो आणि कडा जातात. तळाच्या बाहेरच्या आणि मागच्या कडा धारदारच हव्यात, पाणी तिथून सुटायला हवं.

इपॉक्सी संथ सुकणारी घ्या, पाच मिनिटांची फक्त टाके घालायला. वजनकाट्यावर मोजा, डोळ्यांनी नाही. हार्डनर जास्त घातला तर लवकर सुकेल हा गैरसमज आहे, ती कायमची मऊ राहते. सुकल्यावर वर मेणचट थर येतो तो पाण्याने घासून धुवायचा, मग पुढचा हात, नाहीतर पुढचा थर पापुद्र्यासारखा निघतो. बोट आतून पूर्ण सील करायची, दोन हात, प्लायच्या कापलेल्या कडांना तीन, कारण प्लाय पाणी पितो तो कडांनीच. इंजिनाच्या जागेत आतून ग्लास कापड (काचतंतूंचं) बसवा, पेट्रोल-तेल लाकडात एकदा मुरलं की तिथे नंतर काहीच चिकटत नाही.

(फोम टेबलावर आहे ना अजून? कोणी उचलून ठेवला नाही ना?)

इंजिनांच्या रेल मधल्या रेषेपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर, आणि ब्लाइंड नट (लाकडात रुतून बसणारे नट) आत्ताच ठोकून इपॉक्सीने पक्के करा. इंजिन न काढता स्पार्क प्लग निघतो का, पुल स्टार्टची दोरी हॅचच्या (डेकमधल्या काढत्या झाकणाच्या) कडेला घासते का, हे पुठ्ठ्याचा डेक कापून वर ठेवून बघा. दोन इंजिनं शेजारी शेजारी आली की पाना फिरवायला जागाच उरत नाही, हे प्लॅनवर दिसत नाही.

शाफ्टचं प्रकरण जरा नीट वाचा. फ्लेक्स केबल (इंजिनाची फिरकी मागे नेणारी लवचिक तार) वळणात चालते, पण ती ज्यातून जाते त्या ट्यूबचं वळण एकच आणि लांबट हवं, एस आकार आला की केबल गरम होते आणि तुटते. दोन्ही ट्यूब एकमेकींना समांतर. बाजारातली पेट्रोल इंजिनं सहसा एकाच दिशेला फिरतात, म्हणजे दोन्ही प्रॉपही (पाण्यातले पंखे) एकाच दिशेचे, दोघांचा टॉर्क मिळून बोट एका बाजूला कलते आणि एकीकडे ओढते. उलट फिरवायचं तर एका बाजूला गिअर लावावा लागतो, आणि मग त्या बाजूची केबलही उलट्या पिळाची लागते, नाहीतर जोर आला की केबल उसवते. गिअर नको असेल तर टाकी, बॅटरी सरकवून वजन जुळवा, स्ट्रट थोडे वरखाली करा, बऱ्यापैकी जमतं. प्रॉपच्या बाजूला ड्राइव्ह डॉग (प्रॉपला फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रटमधे ३ ते ५ मिमी फट ठेवायची, कारण जोर आला की केबल पीळ खाऊन आखूड होते. फट ठेवली नाही तर ती स्ट्रटवर घासत बसते आणि तुम्हाला वाटतं इंजिन कमजोर आहे. केबल मागे सरळ ओढून बाहेर निघते का तेही बघा, रडर आडवा येतो.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यासाठी प्रत्येक इंजिनाला वेगळा पिकअप (पाणी आत घेणारं तोंड). एकाच नळीला फाटा काढून दोघांना पाणी द्यायची हुशारी नको, फाट्याच्या एका बाजूला कचरा अडकला तर त्या इंजिनाचं पाणी बंद होतं आणि दुसऱ्यामुळे तुम्हाला पत्ताच लागत नाही. पाणी बाहेर पडायची तोंडं काठावरून दिसतील अशी, दोन धारा दिसल्या पाहिजेत, एकच दिसली तर ताबडतोब परत बोलवा. पेट्रोलसाठी सिलिकॉनची नळी चालत नाही, फुगते, ती नायट्रो इंधनाच्या इंजिनवाल्यांसाठी. पेट्रोलची वेगळी नळी येते.

दोन्ही कार्बोरेटर एकाच सर्व्होवरून (रेडिओच्या हुकमाने हलणारी छोटी मोटर) लिंकेजने चालवा किंवा दोन सर्व्हो लावा, पण दोन्ही एकाच वेळी उघडायला आणि एकाच वेळी पूर्ण बंद व्हायला हवेत. रडरचा सर्व्हो मेटल गिअरचा आणि दमदार घ्या. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही, म्हणून अँटेना उभी, डेकच्या वर काढायची. रिसीव्हर फुग्यात घालून रेडिओ बॉक्समध्ये. फेलसेफ (सिग्नल गेल्यावर सर्व्होंनी काय करायचं ती सोय) स्वतः सेट करून तपासा, काही रेडिओ सिग्नल गेल्यावर शेवटचा थ्रॉटल तसाच धरून ठेवतात, म्हणजे बोट पूर्ण वेगात कुठेतरी निघून जाते. रिसीव्हरची बॅटरीच मेली तर फेलसेफही काही करू शकत नाही, सर्व्हो होते तिथेच राहतात, तेव्हा बॅटरी पूर्ण चार्ज केल्याशिवाय काठावर जायचंच नाही. किल स्विच वेगळ्या चॅनलवर, दोन्ही इंजिनं एकदम बंद करणारा.

आता डेक. थांबा. फोम.

मी डेकच्या आतल्या बाजूला जाड मार्करने "फोम घातला का?" असं लिहून ठेवतो, इपॉक्सी लावायला डेक उलटा केला की पहिलं तेच दिसतं. हसा खुशाल, पण लिहा. दोन्ही स्पॉन्सनमध्ये सारखा भरा, मोजून, डावीकडे तीन तुकडे आणि उजवीकडे दोन असं नको. सगळा नाकात कोंबू नका, बोट नाकावर उभी लटकते आणि इंजिनं खाली बुडून राहतात, त्यातला काही इंजिनांच्या दोन्ही बाजूंनाही द्या. तुकडे घट्ट बसवा, सुटा फोम हॅच उडाली की सगळ्यात आधी पोहत बाहेर जातो. बल्कहेडच्या खालच्या कोपऱ्यातली पाणी वाहायची भोकं मात्र बुजवू नका. आणि "स्पॉन्सनचा कप्पा हवाबंद आहे, हवा आहेच की आत" हे मला सांगू नका, मीही तेच म्हणत होतो. कप्पा हवाबंद असतो तो ओंडक्याला धडकेपर्यंत.

घातलात? तर मग तपासा, डेक नुसता टेप लावून. इंजिनांच्या जागी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या बांधायच्या, शिसं किंवा लोखंड नको, वाळूच्या कणांची घनता ॲल्युमिनियमच्या जवळपास असते त्यामुळे पाण्याखाली ती तेवढंच ओढते. गुडघाभर पाण्यात हॅच काढून बोट मुद्दाम पूर्ण भरू द्या. डेक पाण्याच्या वर थोडा तरी दिसत राहिला तर झालं, नाही दिसला तर अजून फोम. हे सगळं डेक चिकटायच्या आधी!

मग बोट चांगली वाळवा आणि डेक चिकटवा. बाहेरून हलकं ग्लास कापड, ५०-८० ग्रॅमचं, इपॉक्सी, घासणं, प्राइमर, रंग. रंग पेट्रोल सहन करणारा. रंगाबद्दल याहून जास्त माझ्याकडे काही नाही, लांबून चमकला की पुरे.

वजनाचा मध्य ट्रान्समपासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर आणा, टाकी रिकामी ठेवून. प्रॉप दोन्ही एकाच मापाचे, धार लावून बॅलन्स केलेले. ७० मिमी व्यास आणि १.४ पिच (व्यासाच्या १.४ पट) म्हणजे एका फेऱ्यात ९८ मिमी पुढे, १५,००० आरपीएमला कागदावर ताशी ८८ किलोमीटर, पाण्यात त्याहून कमी. सुरुवातीला लहान प्रॉप लावा.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. पहिल्या टाक्या जरा रिच मिक्श्चरवर (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), पूर्ण थ्रॉटल नाही. क्लच नसतो, दोरी ओढली की प्रॉप फिरलाच, त्यामुळे बोट स्टँडला पट्ट्याने बांधलेली आणि बरोबर दुसरा माणूस हवाच, एक इंजिन चालू असताना तुम्ही दुसऱ्याची दोरी ओढणार आहात. मागे कोणी उभं राहायचं नाही.

काठावर न्यायचं: जादा प्रॉप, जादा केबल, ग्रीस, प्लग आणि प्लगचा पाना, ॲलन की, हॅचसाठी टेप, चिंध्या, आणायला जायची होडी आणि लाइफ जॅकेट. इंजिन बंद पडलं म्हणून पोहत जाऊ नका. आल्यावर केबल काढून ग्रीस करा, पाणी उलटं करून काढा, हॅच उघडी ठेवूनच बोट ठेवा.