ओट्यासाठी दगड घेताय? आधी त्याच स्लॅबचा तुकडा घरी आणा

किचनच्या ओट्याला नैसर्गिक दगड चालतो का, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, कुठला दगड? दुकानात ग्रॅनाइट आणि मार्बल शेजारी शेजारी उभे असतात, दोन्ही चकचकीत, पण ओट्यावर बसले की दोघांचं वागणं पार वेगळं.

ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतं, मोह्स स्केलवर, म्हणजे खनिजांच्या कडकपणाच्या 1 ते 10 मापावर, कडकपणा साधारण 6 ते 7, म्हणजे सुरी सहसा त्याला ओरखडा पाडत नाही, उलट सुरीचीच धार जाते. आंबट सांडलं तरी फारसा फरक पडत नाही आणि गरम भांड्यालाही तो चांगला टिकतो. रोज भरपूर स्वयंपाक होणारं घर असेल तर माझं मत सरळ ग्रॅनाइटला. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्साइट नावाचं खनिज, कडकपणा 3 च्या आसपास, आणि खरी अडचण ओरखड्यांची नाहीच, आंबटाची आहे. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो, काहीही सांडलं की आम्ल कॅल्साइटला खातं आणि पॉलिश जातं. लाइमस्टोन, ट्रॅव्हर्टाइनचंही तेच.

मी एकदा मार्बलवर कापलेलं अर्धं लिंबू पालथं ठेवून विसरले, नंतर उचललं तर खाली गोल पांढुरका ठसा, मी तो डाग समजून घासत बसले, पण तो डाग नव्हताच, तिथला दगडच झिजला होता. हा फरक नीट समजून घ्या. डाग म्हणजे तेल किंवा रंग दगडाच्या छिद्रांत मुरणं, ते सीलरने, म्हणजे छिद्रं बुजवायला दगडावर मारतात त्या द्रवाने, बऱ्यापैकी अडतं. आम्लाचा ठसा म्हणजे पृष्ठभागच खाल्ला जाणं, त्यात सीलर काहीच करू शकत नाही, तो ठसा पुन्हा पॉलिश करूनच जातो. त्यामुळे "सीलर मारून देतो, मग काही होणार नाही" असं कोणी म्हणालं तर मार्बलच्या बाबतीत ते खरं नाही. मार्बल आवडतच असेल तर मॅट फिनिश घ्या, त्यावर ठसे कमी उठून दिसतात.

आता मुख्य काम. जो स्लॅब पसंत केलाय त्याचाच पॉलिश केलेला छोटा तुकडा मागून घ्या. एका बाजूला लिंबाचे दोन थेंब टाका, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसऱ्या बाजूला तेल. 15 मिनिटांनी लिंबू आणि पाणी पुसा, तेल रात्रभर राहू द्या. लिंबाची जागा उजेडात तिरकी धरून बघा, चमक गेली असेल आणि बोटाला किंचित खरखरीत लागत असेल तर त्यात कॅल्साइट आहे, मग नाव काहीही सांगितलेलं असो. पाण्याखालचा दगड गडद झाला तर तो शोषतो, त्याला सीलर लागेल. तेलाचा काळसर गोल राहिला तर फिक्या रंगाचा तो दगड ओट्याला घेऊच नका असं मी म्हणेन.

दगड क्वार्टझाइट, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झचा कडक नैसर्गिक दगड, म्हणून सांगत असतील तर आणखी एक करा, तुकड्याच्या कोपऱ्याने जुन्या काचेच्या बाटलीवर जोरात रेघ ओढा. खरा क्वार्टझाइट काच कापतो, मार्बल नुसता घसरतो. हे दोन दगड दिसायला इतके सारखे असतात की सरसकट घोळ होतो. आणि काळाभोर ग्रॅनाइट असेल तर पांढऱ्या फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसा, काळा रंग फडक्याला लागला तर तो रंगवलेला आहे. सोपस्टोन मऊ असतो, ओरखडे पडतात, पण आम्ल आणि उष्णतेला मस्त टिकतो आणि बारीक ओरखडे सँडपेपरने निघतात. दुकानात नुसतं क्वार्ट्झ म्हणून जे मिळतं ते नैसर्गिक दगड नाही, दगडाचा चुरा आणि रेझिन असतं, गरम कढई थेट ठेवायची नाही.

बसवताना वजनाचा विचार करा, 20 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट दर चौरस मीटरला साधारण 54 किलो भरतो, त्यामुळे खालचा आधार पक्का आणि एका लेव्हलला हवा. तडे बहुतेक वेळा सिंकच्या पुढच्या मागच्या अरुंद पट्टीतच जातात, म्हणून कापाचे आतले कोपरे गोल करून घ्या आणि त्या पट्टीला खालून आधार द्या. दगड पाणी मारत कापायला सांगा, कोरड्या कापणीत सिलिकाची धूळ उडते, ती कारागिराच्या फुप्फुसात कायमची बसते, हे हलक्यात घेऊ नका.

रोजचं पुसणं साध्या भांडी घासायच्या साबणाने, व्हिनेगरने कॅल्साइटचा दगड कधीच पुसू नका. तेलाचा डाग पडलाच तर खाण्याचा सोडा आणि पाण्याची घट्ट पेस्ट त्यावर थापा, वर प्लास्टिक चिकटवा आणि दिवसभर ठेवा, मग प्लास्टिक काढून पेस्ट पूर्ण वाळू द्या, वाळताना ती तेल वर ओढते. जुना डाग असेल तर दोन-तीनदा करावं लागतं.