पावणेदहा म्हणजे ‘क्वार्टर टू टेन’: इंग्रजीत वेळ सांगायला आणि विचारायला शिकताना

इंदूरच्या मराठी घरातल्या मुलाला घड्याळ कळत नाही, असं सहसा नसतं. घरात आजी ‘पावणेदहा झाले, दप्तर भर’ म्हणते, बाहेर रिक्षावाला ‘पौने दस’ म्हणतो. सव्वा, साडे, पावणे हे हिशेब दोन भाषांतून कानावर पडून पक्के झालेले असतात. तरीही तेच मूल इंग्रजीत वेळ सांगताना अडखळतं, कारण शिकवताना आपण त्याचं हे भांडवल बाजूला ठेवतो आणि एक ते साठ आकड्यांपासून सुरुवात करतो. ती करू नका. सुरुवात पावकीपासून, म्हणजे या सव्वा-साडे-पावण्यांपासून करा.

सव्वाचार म्हणजे ‘क्वार्टर पास्ट फोर’. साडेचार म्हणजे ‘हाफ पास्ट फोर’. पावणेपाच म्हणजे ‘क्वार्टर टू फाइव्ह’. जोड्या तंतोतंत जुळतात, आणि तो योगायोग नाही. सव्वा हा शब्द सपाद म्हणजे ‘पावासह’ यावरून आला, साडे सार्ध म्हणजे ‘अर्ध्यासह’ यावरून, आणि पावणे पादोन म्हणजे ‘पाव कमी’ यावरून. इंग्रजीतलं ‘क्वार्टर’ म्हणजे पावच. पावणेपाचमध्ये आपण पुढच्या तासाचं नाव घेतो, इंग्रजीही ‘टू’ लावून पुढच्याच तासाचं नाव घेते. ज्या मुलाला पावणे कळतं त्याला ‘टू’ समजावून सांगावंच लागत नाही, फक्त दाखवून द्यावं लागतं.

अडतं ते चार ठिकाणी, जिथे मराठीने स्वतंत्र शब्द ठेवले आहेत. पाऊण वाजला म्हणजे 12:45, इंग्रजीत ‘क्वार्टर टू वन’. नुसतं सव्वा वाजला म्हणजे 1:15, ‘क्वार्टर पास्ट वन’. दीड वाजला म्हणजे ‘हाफ पास्ट वन’ आणि अडीच वाजले म्हणजे ‘हाफ पास्ट टू’. हे चार वेगळे घोकून घ्यावे लागतात. बाकी सगळं नियमाने चालतं.

हेच शब्द आपण किती वेळ लागला हे सांगायलाही वापरतो, आणि तिथे इंग्रजी वेगळी होते. दीड वाजता म्हणजे ‘अ‍ॅट हाफ पास्ट वन’, पण दीड तास म्हणजे ‘अ‍ॅन अवर अँड अ हाफ’. पाऊण तास म्हणजे ‘थ्री क्वार्टर्स ऑफ अ‍ॅन अवर’ किंवा सरळ ‘फोर्टी-फाइव्ह मिनिट्स’. सव्वा तास म्हणजे ‘अ‍ॅन अवर अँड अ क्वार्टर’, अडीच तास म्हणजे ‘टू अँड अ हाफ अवर्स’. ‘हाफ पास्ट वन अवर्स’ अशी भेसळ वहीत दिसली, तर मुलाला वेळ येत नाही असं समजू नका. ‘वाजता’ आणि ‘तास’ हा फरक त्याच्या डोक्यात अजून सुटा झालेला नाही, एवढंच.

आता पुठ्ठ्याचं घड्याळ करा. एका जाड पुठ्ठ्यावर ताटली ठेवून साधारण 20 सेंटिमीटरचा गोल कापा. वरच्या 12पासून खालच्या 6पर्यंत सरळ रेघ मारा. उजवा अर्धा भाग एका रंगाने रंगवा आणि त्यावर ‘पास्ट’ लिहा, डावा दुसऱ्या रंगाने आणि त्यावर ‘टू’. मिनिटकाटा 8 सेंटिमीटर, तासकाटा 5. मधोमध दाभणाने भोक पाडून टिचबटण बसवा, म्हणजे काटे फिरतात आणि हात काढल्यावर जागच्या जागी राहतात. काटा सैल पडला तर पुठ्ठ्याची एक छोटी चकती मध्ये घाला.

मोठा काटा उजव्या रंगावर असला की ‘पास्ट’ आणि मागचा तास. डाव्या रंगावर गेला की ‘टू’ आणि पुढचा तास. इथे शिकवणाऱ्याचीच एक चूक वारंवार होते: फक्त मिनिटकाटा हलवला जातो आणि तासकाटा 4वर तसाच राहतो. खऱ्या घड्याळात पावणेपाचला तासकाटा 4 सोडून 5च्या बराच जवळ गेलेला असतो. पुठ्ठ्यावर तो 4वर दिसला की मूल ‘क्वार्टर टू फोर’ म्हणतं, आणि त्याने जे पाहिलं त्यावरून ते बरोबरच असतं. म्हणून दर वेळी दोन्ही काटे हलवा. साडेचारला तासकाटा 4 आणि 5च्या बरोबर मधे.

पावकी पक्की झाल्यावर पाच-पाच मिनिटांकडे वळा. खरी अदलाबदल इथे आहे. मराठीत तास आधी येतो: ‘चार वाजून दहा मिनिटं’, ‘पाचला दहा कमी’. इंग्रजीत मिनिटं आधी: ‘टेन पास्ट फोर’, ‘टेन टू फाइव्ह’. मुलं घाईत ‘फोर पास्ट टेन’ म्हणतात आणि दहा वाजून चार मिनिटं होऊन बसतात. यावर एकच उपाय: आधी मोठ्या काट्याचं बोला, मग लहानाचं. बोलताना बोटानेही तोच क्रम दाखवायला लावा.

पाच, दहा, वीस, पंचवीस यांच्या पुढे ‘मिनिट्स’ म्हणायची गरज नसते. सात, तेरा, बावीस असे आकडे आले की ‘मिनिट्स’ लागतं: ‘सेव्हन मिनिट्स पास्ट थ्री’. ‘ओ क्लॉक’ फक्त पूर्ण तासाला: ‘फोर ओ क्लॉक’. ‘हाफ पास्ट फोर ओ क्लॉक’ किंवा ‘फोर ओ क्लॉक पीएम’ नाही.

दुसरी पद्धत म्हणजे आकडे सरळ वाचणं: 9:55ला ‘नाइन फिफ्टी-फाइव्ह’. इथे तास आधी येतो, म्हणजे मराठीच्या वळणानेच. आमचं मत असं, की बोलायला सुरुवात याच पद्धतीने करावी आणि ‘पास्ट-टू’ आधी ऐकून कळण्यापुरतं पक्कं करावं. मोबाइलवर, तिकिटावर आणि फलाटावरच्या पाटीवर आकडेच असतात. फक्त 6:05 हे ‘सिक्स फाइव्ह’ न म्हणता ‘सिक्स ओ फाइव्ह’ म्हणायचं.

वाक्याची सुरुवात नेहमी ‘इट इज’, बोलताना ‘इट्स’. मराठीत एक वाजला आणि चार वाजले, म्हणून मुलं चार वाजले की ‘दे आर फोर ओ क्लॉक’ असं अनेकवचन करून टाकतात. इंग्रजीत बारा वाजले तरी ‘इट इज’च. आणि ‘इट’ गाळून नुसतं ‘इज टेन पास्ट फोर’ म्हणायची सवय लागली असेल तर ती लवकर मोडा, नंतर फार चिवट होते.

कानाला दोन गोष्टी त्रास देतात. एक म्हणजे 1:50, ‘टेन टू टू’. यातला पहिला ‘टू’ झटकन जातो, जवळजवळ ‘ट’ इतकाच: ‘टेन ट टू’. दुसरा लांबवायचा. दोन्ही सारखेच ठासून म्हटले तर ऐकणाऱ्याला तीन आकडे ऐकू येतात. दुसरी गोष्ट ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’. पहिल्यात जोर शेवटी, ‘टीन’वर, आणि तो ताणलेला. दुसऱ्यात जोर सुरुवातीला, ‘फिफ्’वर, आणि शेवट तोकडा. फोनवर शंका आली तर लाजू नका, ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?’ असं विचारा. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे तेही हेच करतात. तेवढ्यासाठी गाडी चुकवू नये.

विचारण्याकडे येऊ. ‘व्हॉट टाइम इज इट?’ किंवा ‘व्हॉट्स द टाइम?’ एवढं घरात आणि मित्रांत पुरतं. ‘किती वाजले’मधल्या ‘किती’मुळे येणारं ‘हाऊ मच टाइम?’ इथे चालत नाही, त्याचा अर्थ ‘किती वेळ?’ होतो. अनोळखी माणसाला ‘एक्स्क्यूज मी, कुड यू टेल मी द टाइम, प्लीज?’ असं विचारा. ‘डू यू हॅव द टाइम?’ हाही सभ्य प्रश्न आहे, पण त्यातला ‘द’ गळू देऊ नका. ‘डू यू हॅव टाइम?’ म्हणजे ‘तुम्हाला सवड आहे का?’. सरवटे बस स्टँडवर पाहुण्या परदेशी बाईंना कुणी हा प्रश्न ‘द’शिवाय विचारला, तर त्या घड्याळाकडे न बघता संशयाने त्याच्याकडे बघतील. मराठीत ‘द’ नसल्यामुळे तो गळतोच, म्हणून या वाक्याचा मुद्दाम दहा-दहा वेळा सराव करा.

लांबलेल्या प्रश्नात क्रम पालटतो: ‘कुड यू टेल मी व्हॉट टाइम इट इज?’. शेवटी ‘इज इट’ नाही, ‘इट इज’. गाडीचं विचारताना ‘व्हॉट टाइम डज द ट्रेन लीव्ह?’ आणि उत्तर ‘इट लीव्ह्ज अ‍ॅट फाइव्ह फॉर्टी’. वेळापत्रकातली गोष्ट उद्याची असली तरी साध्या वर्तमानकाळात सांगतात.

आता ‘पर्यंत’. हा एकच मराठी शब्द इंग्रजीत दोन होतो, आणि इथे मोठी माणसंही चुकतात. ‘सहापर्यंत ये’ म्हणजे ‘कम बाय सिक्स’: सहा ही शेवटची मुदत, साडेपाचला आलात तरी चालेल. ‘सहापर्यंत थांब’ म्हणजे ‘वेट टिल सिक्स’: थांबणं सलग सहापर्यंत चालू राहणार. कसोटी सोपी आहे. क्रियापदाचं काम एका क्षणात उरकतं का? येणं, देणं, पोचणं, पाठवणं यांना ‘बाय’. काम चालू राहतं का? थांबणं, झोपणं, वाचणं, काम करणं यांना ‘टिल’. ‘आय विल सेंड द फाइल टिल सिक्स’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की सहा वाजेपर्यंत तुम्ही फाइल पाठवतच राहणार आहात.

‘इन फाइव्ह मिनिट्स’चंही असंच. ‘आय विल कम इन फाइव्ह मिनिट्स’ याचा सरळ अर्थ ‘पाच मिनिटांनी येतो’. पाच मिनिटांच्या आत कधीही, असं म्हणायचं असेल तर ‘विदिन फाइव्ह मिनिट्स’.

दिवसाचे तुकडे इंग्रजी वेगळ्या जागी पाडते. मध्यरात्र उलटली की त्यांची ‘मॉर्निंग’ सुरू. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, एक वाजता खाणाऱ्यांची गर्दी असते. आपल्यासाठी ती रात्रच, पण इंग्रजीत ‘वन इन द मॉर्निंग’ म्हणतात. पहाटे चार म्हणजे ‘फोर इन द मॉर्निंग’, दुपारी तीन म्हणजे ‘थ्री इन द आफ्टरनून’, संध्याकाळी सात म्हणजे ‘सेव्हन इन द इव्हनिंग’, रात्री दहा म्हणजे ‘टेन अ‍ॅट नाइट’. बाकी सगळ्यांना ‘इन द’, फक्त ‘नाइट’ला ‘अ‍ॅट’. एएम आणि पीएम ही लॅटिनमधल्या ‘मध्यान्हापूर्वी’ आणि ‘मध्यान्हानंतर’ यांची संक्षिप्त रूपं. म्हणून ‘सेव्हन एएम इन द मॉर्निंग’ म्हणजे एकच गोष्ट दोनदा.

बारा वाजता मात्र हीच रूपं दगा देतात. दुपारचे बारा म्हणजे 12 पीएम आणि रात्रीचे बारा म्हणजे 12 एएम अशी रीत आहे, पण ती सगळ्यांच्या लक्षात नसते. त्यामुळे ‘नून’ आणि ‘मिडनाइट’ हेच शब्द वापरा. फॉर्मची मुदत कळवायची असेल तर ‘मिडनाइट’ही टाळा, कारण आजची की उद्याची हे त्यातून कळत नाही. ‘11:59 पीएम’ लिहा.

रेल्वे 24 तासांचं घड्याळ वापरते. 13 आणि त्यापुढच्या तासाच्या आकड्यातून 12 वजा करा: 17:40 म्हणजे संध्याकाळी पाच चाळीस. वाचताना ‘सेव्हन्टीन फॉर्टी’, मागे पीएम लावायचं नाही. रात्री बारानंतरच्या गाडीत मोठा खड्डा आहे. तिकिटावर 15 तारीख आणि 00:20 असेल, तर स्टेशनवर 14च्या रात्रीच पोचायला हवं. 15ला जेवून निघालात तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. असं तिकीट हाती आलं की इंग्रजीत ‘द नाइट ऑफ द फोर्टीन्थ, ट्वेन्टी पास्ट मिडनाइट’ असं मोठ्याने म्हणून घ्या आणि कॅलेंडरवर 14च्या चौकोनात लिहा.

ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी एक शब्द फार महत्त्वाचा. मराठीत ‘मीटिंग पुढे ढकलली’ म्हणजे ती उशिरा होणार. त्यावरून ‘द मीटिंग इज मूव्हड फॉरवर्ड’ लिहू नका, काही इंग्रजी वाचकांना ती लवकर होणार असं वाटतं, काहींना उशिरा. उशिरा असेल तर ‘पोस्टपोन्ड’, लवकर असेल तर ‘प्रीपोन्ड’. हा दुसरा शब्द भारतात सर्रास चालतो, पण बाहेरच्या माणसाला नवखा वाटू शकतो. त्याला सरळ लिहा: ‘द मीटिंग इज नाउ अ‍ॅट थ्री, नॉट फोर’.

परदेशी माणसाशी वेळ ठरवताना कुणाच्या घड्याळाने, हे दर वेळी बोला: ‘थ्री पीएम इंडिया टाइम’. भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं, काही देशांचं उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलतं. लंडन हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत पाठ केलेले आकडे एकाला लागू पडतात आणि दुसऱ्याला नाही. त्या दिवसांत फोन करण्याआधी ‘व्हॉट टाइम इज इट देअर नाउ?’ हा प्रश्न आदल्या दिवशीच विचारून ठेवा.