डिसेंबरच्या सुरुवातीला केदारकंठाला निघालाय? बर्फावरच्या या चुका टाळा

डिसेंबर लागला की सोलापुरातनं कुणी ना कुणी उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला निघतंच. कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, मग देहरादून, तिथनं जवळपास 200 किलोमीटर गाडीनं सांकरी, म्हणजे जिथनं चढाई सुरू होते ते गाव. आणि निघायच्या आधी सगळ्यांचा फोनवर एकच प्रश्न, "बर्फ आहे का?"

मला वाटतं घोळ इथनंच सुरू होतो. आपण भुसभुशीत पडलेल्यालाही बर्फ म्हणतो आणि गोठून काच झालेल्यालाही बर्फच म्हणतो, पण पायाखाली दोन्ही पार वेगळे. भुसभुशीत बर्फात पाय रुततो, धरला जातो, काचेवर तो थांबतच नाही. हिवाळ्याच्या तोंडावर बर्फ पडतो थोडासा, दुपारच्या उन्हात वितळतो, येणाऱ्या जाणाऱ्यांच्या बुटाखाली दाबला जातो आणि रात्री परत गोठतो, त्यामुळं पायवाटेवर जास्त करून ही काचच भेटते. तिकडचे गाईड "पाला है" म्हणतात. आपल्या माणसाला झाडपाला वाटतो, पण ते गोठलेल्या दवाबद्दल सांगत असतात, तेव्हा हा शब्द कानावर पडला की पाय आखडता घ्या.

"बर्फ कमीय म्हणजे सोपंय"

ही सगळ्यात मोठी चूक. आमच्या ग्रुपमधल्या एक वहिनी ओढ्यावरच्या लाकडी ओंडक्यांच्या साकवावर पडल्या, सकाळी सातला, आणि तिथं पांढरं असं काहीच नव्हतं. लाकूड नुसतं ओलं, काळपट दिसत होतं. मनगट सुजलं आणि तिथनंच परतावं लागलं. तेव्हापासनं मी एक करतो, ओलसर चमकणारं काही दिसलं की आधी काठीचं टोक आपटून बघतो. पाणी असेल तर शिंतोडा उडतो, बर्फ असेल तर टक्क आवाज येतो. झरा वाटेवर वाहून येतो ती जागा, झाडांची दाट सावली, उत्तरेकडचा उतार, इथं दुपारी बारालाही काच तशीच असते कारण डिसेंबरात सूर्य खालनं फिरतो आणि तिथवर ऊन पोचतच नाही.

मायक्रोस्पाइक्स सॅकच्या तळाशी

मायक्रोस्पाइक्स म्हणजे बुटावर चढवायचं रबर, तळाला लोखंडी दात असलेलं. लोक ते भाड्यानं घेतात आणि सगळ्यात खाली भरतात, मग एकदा घसरल्यावर उतारावर उभं राहून शोधत बसतात. वरच्या कप्प्यात ठेवा आणि निसरडं सुरू व्हायच्या आधी सपाट जागा बघून चढवा. रबर चालताना निघत असेल तर बहुतेक वेळा पुढची बाजू मागं झालेली असते नाहीतर साइझ मोठा असतो, म्हणून सांकरीतच स्वतःच्या बुटावर चढवून दहा पावलं चाला, रबर ताणून चीर आहे का बघा. दुपारी ओल्या बर्फाचा गोळा दातांखाली चिकटतो, मग दात टेकतच नाहीत, अशा वेळी काठीनं बुटाच्या कडेला दोन टोले द्या, गोळा पडतो.

उतरताना भीतीनं आपण मागं रेलतो आणि टाच आधी टेकवतो, आणि त्यानंच पाय सुटतो. गुडघे थोडे वाकवा, अंगाचा भार पावलावर राहू द्या, पूर्ण तळवा टेकवत छोटी छोटी पावलं टाका.

कॉटन

हे आपल्या गावाला वेगळं सांगायला पाहिजे, कारण चादर-टॉवेल आपल्या घरचा माल, आणि सुती टॉवेल चांगला का, तर पाणी पितो म्हणून. नेमकं तेच अंगातल्या सुती बनियननं आणि मोज्यानं तिथं केलं तर घाम शोषून ते ओलं राहतं, आणि थांबलात की पाठीवर गार पट्टी ठेवल्यासारखं होतं. आत सिंथेटिक नाहीतर लोकरीचं, त्यावर फ्लीस म्हणजे मऊ लवदार कापडाचा गरम थर, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. चालायला लागताना जरा थंडी वाजली तरी चालेल, घाम फुटायच्या आधी एक थर काढा आणि थांबलात की लगेच घाला.

मोजे दोन-दोन घालून बूट गच्च करू नका, रक्त पोचलं नाही की बोटं जास्तच गार पडतात. बूट नवे असतील तर तीन आठवडे आधीपासनं रोज तेच घालून चाला, जिने चढा-उतरा.

उंचीचं गणित सोपंय. साधारण दर 1,000 मीटरला 6 अंशांच्या आसपास तापमान उतरतं, सांकरी 1,900 च्या आसपास आणि माथा 3,800 मीटर, म्हणजे सांकरीपेक्षा बाराएक अंश कमी, वर वारा वेगळाच. आपण राहतो 450-500 मीटरवर. डोकं दुखतंय, वर मळमळ किंवा उलटी, असं असेल तर गोळी खाऊन वर जाऊ नका, गाईडला सांगा, तिथंच थांबा, वाढलं तर खाली उतरा. पैसे भरलेत म्हणून लोक लपवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मोबाइल 40 टक्क्यांवर बंद पडला तर तो बिघडलेला नसतो, बॅटरी गारठलेली असते. आतल्या खिशात ठेवा, रात्री पॉवर बँकसकट स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. बाटली उलटी ठेवा, पाणी वरनं गोठतं, म्हणजे झाकण मोकळं राहतं. खायला चॉकलेट दगड होतं, आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र जशीच्या तशी. अंधार साडेपाचलाच पडायला लागतो, हेडलॅम्प हाताशी पाहिजे.

आणि सोबतचा माणूस बोलताना अडखळायला लागला, त्याला जॅकेटची चेन लावता येईना, पाय ओढत चालतोय, तर "दमलाय" म्हणून सोडू नका. अंगातली उष्णता धोक्याच्या खाली चाललेली असते. ओलं काढा, कोरडं घाला, वाऱ्याच्या आड न्या, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या, दारू अजिबात नको. बोटं पांढरी पडून बधिर झाली असतील तर चोळू नका, शेकोटीवर धरू नका, बधिर कातडीला भाजलेलं कळतच नाही. काखेत दाबून ठेवा आणि खाली निघा.