पोकलेनच्या सांध्यांवरचे जुने ग्रीस काढताना: नव्या हेल्परसाठी

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतील वर्कशॉपमध्ये नव्याने लागणाऱ्या मुलाच्या हाती सुरुवातीला पान्हा येत नाही. बकेट आणि बूम (बकेट उचलणारा लांब हात) यांच्या पिनांभोवती साचलेले ग्रीस खरवडून काढण्याचे काम येते. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करून आलेल्यांना ते कमीपणाचे वाटते. माझ्या मते मात्र सांध्याची झीज ओळखायला शिकण्याची याहून चांगली जागा नाही, कारण जे ग्रीस आपण काढून टाकतो त्यातच पिन आणि बुश (पिन ज्यात फिरते ती धातूची नळी) यांची हकीकत असते.

ग्रीस म्हणजे घट्ट साबणात, बहुधा लिथियमच्या, धरून ठेवलेले तेल. उष्णता आणि दाब यांमुळे तेल हळूहळू झिरपून जाते, साबण मागे उरतो, आणि त्यात उमरेडकडच्या खाणीतील कोळशाची भुकटी किंवा रस्त्याच्या कामावरची गिट्टीची धूळ मिसळली की तव्याच्या कडेला जळून बसलेल्या तेलासारखा काळा, चिवट थर तयार होतो. हा थर सांध्यात गेला की पिन आणि बुश दोन्ही घासून काढतो.

काम सुरू करण्यापूर्वी बकेट जमिनीवर पूर्ण टेकवावी, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि हायड्रॉलिकमधील दाब कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सोडावा. उचललेल्या बूमखाली कोणीही हात घालू नये, मग उस्तादांना कितीही घाई असो.

थर आधी कोरडाच खरवडावा आणि त्यासाठी लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी वापरावी, कारण लोखंडी पटाशीने सीलची (धूळ बाहेर ठेवणाऱ्या कड्याची) कड कापली जाते आणि तिथूनच पुढे धूळ शिरते. खरवडलेला गोळा लगेच डब्यात टाकू नये. बोटांवर घेऊन उजेडात पाहावा. चंदेरी चमक दिसली तर पोलाद झिजते आहे, पितळी कण दिसले तर ब्राँझचा बुश संपत आला आहे, दुधाळ रंग आला तर पाणी आत गेले आहे आणि तांबूस भुकटी असेल तर गंज धरला आहे. हे मेकॅनिकला तेव्हाच सांगावे, कारण एकदा सांधा धुतला की यातले काही उरत नाही.

उरलेला थर मऊ करण्यासाठी बहुतेक ठिकाणी रॉकेल किंवा डिझेल हाताशी असते. भारतीय मानकानुसार रॉकेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणजे दुपारी उघड्या तसराळ्यातल्या रॉकेलची वाफ एका ठिणगीने पेट घेऊ शकते. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर हा विचारच सोडावा. पाण्यात मिसळणारा डीग्रीझर (ग्रीस सोडवणारे द्रव) महाग पडतो, तरी मी तोच वापरतो, आणि तो यंत्रावर वाळू नये म्हणून सकाळी, सावलीत काम करतो. पेट्रोल कधीच नको. प्रेशर वॉशरचा फवारा सील, वायरिंगचे कनेक्टर आणि निप्पल (ग्रीस भरायचे छोटे तोंड) यांवर जवळून मारू नये, कारण त्या जोराने पाणी आणि मळी थेट आत ढकलली जातात.

निप्पल बुजले असेल तर ते खोलून छिद्र साफ करावे. गॅसच्या ज्योतीने तापवण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो मानू नये, कारण कोंडलेले गरम ग्रीस अंगावर उडते आणि सील जळते. ग्रीस गनच्या टोकाशी हात ठेवणेही तितकेच धोक्याचे आहे. त्या दाबाने कातडीखाली गेलेल्या ग्रीसची जखम बाहेरून टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण रुग्णाला तत्काळ दवाखान्यात नेऊन डॉक्टरांना नेमके काय झाले ते सांगावे लागते.

नवे ग्रीस जुन्याच प्रकारचे असावे. लिथियमचे ग्रीस आणि पॉलियुरिया या वेगळ्या पदार्थाने घट्ट केलेले ग्रीस एकत्र आले तर मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकते. खरवडलेले ग्रीस आणि तेलकट चिंध्या झाकणाच्या वेगळ्या ड्रममध्ये जमा कराव्यात. नाल्यात किंवा मागच्या मोकळ्या जागेत टाकणे २०१६ च्या घातक कचरा नियमांत बसत नाही. शेवटी सांध्याच्या कडेने स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन चालवावी, बकेट काही वेळा उघड-मीट करून पुन्हा थोडे भरावे, आणि ओघळलेले पुसताना पिनेभोवतीचे ग्रीसचे पातळ कडे तसेच राहू द्यावे, कारण बाहेरची धूळ तेच अडवते.